शंभराला दोन कमी

३ फेब्रुवारी

ती. आत्या,

काल रविवारी सकाळी सहा वाजता मी मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बावन्न किलो वाळूचं पोतं दोरीने घट्ट बांधलं आणि घाट चढायला निघालो.

तुला हे विचित्र वाटेल. रस्त्यावरच्या लोकांनाही वाटलं. सायकलवरून दूध घालणारा थांबला, पोत्याकडे निरखून बघत म्हणाला, "वहिनी आज अगदी गप्प आहेत!" मी एकटा आहे हे त्याला माहीत आहे, म्हणून तर त्याची जीभ अशी चालते. मी मान हलवून पुढे गेलो.

पहिलं वळण गाडीने हसत घेतलं. दुसऱ्याला आवाज जड झाला. तिसऱ्याला मी दुसरा गिअर टाकला, मग पहिला, आणि गाडी आमच्या शाळेतल्या जुन्या हेडमास्तरांसारखी खोकू लागली. मागे निळसर धूर. चौथ्या वळणाआधी ती उभीच राहिली. मी पोतं सोडलं, वाळू रस्त्याकडेला ओतली, देवाची आणि रस्ता झाडणाऱ्यांची क्षमा मागितली आणि किक मारली. मला एकट्याला घेऊन ती थेट वर दीपगृहापर्यंत गेली. म्हणजे मी एकटा असेन तर काही अडचण नाही. अडचण दुसऱ्या माणसाची आहे.

वर बसून बराच वेळ विचार केला. गाडी माझ्याहून एका वर्षाने मोठी. पंधरा वर्षांपूर्वी ती माझ्या हाती देताना काका म्हणाले होते, "हिला पळवू नकोस, सांभाळ." मी सांभाळली. जरा जास्तच सांभाळली असेन. पण तिचं इंजिन नेमकं किती झिजलंय? ते न उघडता कळतं का? इथला मेकॅनिक म्हणतो, उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि एकदा उघडलं की तीन आठवडे. तेवढे दिवस माझ्याकडे नाहीत. एका परिचितांना दीपगृह दाखवायचं आहे. अठ्ठावीस तारखेला त्यांचा मुक्काम इथून कायमचा हलणार आहे.

तू आणि काकांनी मिळून चाळीस वर्षं गॅरेज चालवलंत. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो आहे.

तुझा भाचा

६ फेब्रुवारी

गोगलगायीला आशीर्वाद आणि एक टपली.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा नुसतीच हसले, दुसऱ्यांदा चष्मा लावून हसले, तिसऱ्यांदा शेजारणीला वाचून दाखवलं. तिलाही रात्रीची गोळी लागली नाही म्हणे, हसूनच झोपली.

आता मला एक सांग. बावन्न किलोच का? पन्नास नाही, साठ नाही. माणूस वाळू भरतो तेव्हा पोतंभर भरतो, तागडीत घालून बावन्न किलो करत बसत नाही. कुणाचं तरी वजन बावन्न आहे. आणि हे तुझे 'परिचित' पुरुष असते, तर तू त्यांना बसचं वेळापत्रक लिहून दिलं असतंस. बाई आहे. कोण आहे, कुठे चालली आहे आणि तिला दीपगृह दाखवल्यावाचून तुझं काय अडलंय, ते पुढच्या पत्रात सरळ लिही. एकोणपन्नासाव्या वर्षी आत्यापासून लपवायला लागलास, म्हणजे तब्येत सुधारली म्हणायची.

आता इंजिन. पूर्वी मी नुसतं ऐकून सांगायचे, रिंगा गेल्या की व्हॉल्व्ह गेले. त्याच इंजिनांनी माझे कान खाल्ले. म्हणून काकांचं कॉम्प्रेशन मोजायचं मीटर पार्सलने पाठवते आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो. इंजिन धड असेल तर हवा कोंडून राहते. झिजलं असेल तर रिंगांच्या कडेने निसटते, नाहीतर व्हॉल्व्हमधून. किती कोंडली ते काटा दाखवतो. एवढंच शास्त्र. बाकी सगळी मेकॅनिकांची मिजास.

नीट वाच. गाडी पाच मिनिटं चालवून गरम कर. मग बंद कर, पेट्रोलचा कॉकही बंद. प्लग काढ. त्या भोकात मीटरचं रबरी टोक दाबून धर. अ‍ॅक्सिलेटरची मूठ पूर्ण पिळून धर. पूर्ण. मग काटा चढायचा थांबेपर्यंत किक मार, आठ-दहा लागतील. आकडा लिहून ठेव. मग त्याच भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोड आणि पुन्हा मोज. आकडा चांगला वर गेला तर रिंगा झिजल्यात, फट तेलाने भरली. जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह.

नवी होती तेव्हा ही गाडी एकशे वीस पौंड दाखवायची. शंभरच्या आसपास असेल तर दोघांना घेऊन घाट चढेल. सत्तरच्या खाली असेल तर तिला हात जोड आणि बसची दोन तिकिटं काढ. दोन हां.

तुझी आत्या

१० फेब्रुवारी

ती. आत्या,

पार्सल पोचलं. मीटरवर काकांच्या बोटांचे तेलकट डाग अजून आहेत. मी ते पुसले नाहीत.

काल सकाळी प्रार्थना उरकून गाडी मागच्या आवारात स्टँडवर लावली. गरम केली, कॉक बंद केला, प्लग काढला. एका हाताने मीटर दाबून धरलं, दुसऱ्या हाताने तोल जाऊ नये म्हणून हँडल धरलं आणि किका मारल्या. बारा मारल्या. मूठ पिळायला तिसरा हात नव्हता. शिवाय ते तुझ्याकडून चुकून लिहिलं गेलं असावं असं मला वाटलं, कारण काका नेहमी सांगायचे, बंद इंजिनाचा कान पिळायचा नाही.

काटा अठ्ठावन्नवर थांबला. तेल घालून मोजलं, चौसष्ट.

मी चोवीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काम करतो. दर तासाला दाबाचा आकडा वहीत लिहितो आणि त्याप्रमाणे व्हॉल्व्ह उघडतो किंवा बंद करतो. काटा खोटं बोलत नाही, एवढं मी या नोकरीत शिकलो आहे. त्यामुळे मी वाद घातला नाही. मीटर पुसलं, म्हणजे डाग सोडून पुसलं, आणि डब्यात ठेवलं.

तू विचारलंस म्हणून आता सांगतो. लपवण्यासारखं तसंही काही उरलेलं नाही. पंपघरासमोर घड्याळं दुरुस्त करण्याचं छोटं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाई माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत. नऊ वर्षांपूर्वी यजमान गेले, तेव्हापासून दुकान त्याच चालवतात. टेबलावर दिवा, डोळ्याला भिंग, बोटांत चिमटा. कुठलंही घड्याळ उघडण्याआधी त्या ते कानाशी धरतात. वजनाचं म्हणशील, तर शेजारच्या औषधाच्या दुकानाबाहेर वजनाचं यंत्र आहे. एकदा त्यांनी गमतीने त्यावर पाय ठेवला आणि निघालेलं तिकीट मला वाचून दाखवलं. मी ते विसरलो नाही.

त्यांचा भाऊ मोठ्या शहरात घड्याळांचं चकचकीत दुकान चालवतो. त्याने बोलावून घेतलं आहे. त्या मला म्हणाल्या, "तिथे घड्याळं दुरुस्त करत नाहीत हो, बदलतात." मग चिमटा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "पण इथे थांबायला कारणही काही नाही." त्या वेळी मी काही बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "आज पाण्याचा दाब चांगला आहे."

इतकी वर्षं इथे राहून त्यांनी दीपगृह पाहिलेलं नाही, मोटारसायकलवरही कधी बसलेल्या नाहीत. वर गेलो असतो तर तिथे मी त्यांना विचारणार होतो. थांबाल का, माझ्या घरी, कायमच्या. आई गेल्यापासून दोन वर्षं हे वाक्य मी मनात घोकतो आहे. पण गाडीच चढणार नसेल तर ती देवाची इच्छा समजतो. रात्री झोप शांत लागली. मला ते फारसं आवडलं नाही.

तुझा भाचा

१३ फेब्रुवारी

अरे गाढवा,

गोगलगाय हा शब्द मी मागे घेते, तिचा अपमान होतो.

अ‍ॅक्सिलेटर बंद म्हणजे हवेचा दरवाजा बंद. घरात हवा शिरूच दिली नाहीस आणि कोंडली नाही म्हणून हात जोडून बसलास? काटा खोटं बोलत नाही, मान्य. पण माणसाचं नाक दाबून त्याचा श्वास मोजलास तर काटा बिचारा काय सांगणार? काका म्हणायचे ते उभी गाडी उगाच पिळून पेट्रोल भरवणाऱ्या पोरांना. मोजतानाची गोष्ट वेगळी. त्यांना विचारलं असतंस तर तेही म्हणाले असते, आधी आत्याचं वाचावं.

आणि ऐक, हे एकट्याचं काम नव्हेच. मीटर दाबून किक मारायला एक, मूठ पिळून काटा वाचायला एक. चाळीस वर्षं तुझे काका मीटर धरायचे आणि मूठ माझ्याकडे. आमचं भांडण असलं तरी मोजताना बोलावंच लागायचं. गॅरेजमधली निम्मी भांडणं अशी मिटली.

तेव्हा दुसरं माणूस शोध. मेकॅनिक नको, दूधवाला नको. ज्यांना बारीक आकडा वाचायची सवय आहे आणि ज्यांचं दुकान तुझ्यासमोर आहे, त्यांना बोलाव. मूठ पिळायला बावन्न किलो पुष्कळ झाले.

आणि 'आज पाण्याचा दाब चांगला आहे'! अरे देवा. हे वाचून मी शेजारणीला दाखवायचं धाडससुद्धा केलं नाही. घराण्याची अब्रू आहे.

आत्या

१७ फेब्रुवारी

ती. आत्या,

काल त्या आल्या.

मी दुकानात जाऊन म्हणालो होतो, "एक काटा वाचायचा आहे." त्यांनी वर न बघता विचारलं, "मिनिटाचा की तासाचा?" मी म्हणालो, "इंजिनाचा." तेव्हा मात्र त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

सकाळी नऊला ठरलं होतं. नऊला एकही सेकंद इकडेतिकडे न होता त्या आवारात उभ्या होत्या. पदर खोचलेला, भिंग गळ्यात अडकवलेलं. मी प्लग काढला, मीटर धरलं. त्या डाव्या बाजूने वाकून, हात लांब करून मुठीपर्यंत पोचल्या.

"पूर्ण पिळायची," मी म्हणालो.

"पूर्ण म्हणजे?"

"थांबते तिथपर्यंत."

त्यांनी पिळली. आत्या, तारेचा शेवटचा 'टक' असा आवाज आला. पंधरा वर्षांत तो मी ऐकलेला नव्हता.

मी किका मारायला लागलो. पहिल्या किकेला काटा चाळीसवर उडाला, मग साठ, मग पंचाहत्तर. त्या एकदम ओरडल्या, "चढतोय! अहो, चढतोय! थांबू नका!" मी काय थांबतो! माझा एक बूट निघून गाडीखाली गेला. मी मोज्यावर किका मारल्या. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी "काय चाललंय?" म्हणून विचारलं, आणि बाई म्हणाल्या, "नव्वद!" त्या माणसाने खिडकी लावून घेतली.

मग काटा थांबला. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि वाकून बघितलं.

"अठ्ठ्याण्णव."

"शंभर म्हणता येईल का?" मी विचारलं.

"नाही. अठ्ठ्याण्णव."

"रेघ जाड आहे. जरा शंभराकडे झुकल्यासारखा दिसत नाही?"

"अहो, मी अर्ध्या सेकंदासाठी माणसांशी भांडते. अठ्ठ्याण्णव आहे, शंभराला दोन कमी." आणि त्यांनी तसं चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठी सोबत पाठवतो आहे. तेल घालून मोजलं ते एकशे बारा, तेही त्यांच्याच अक्षरात आहे. त्यांच्या आठासारखा आठ मी कुठे पाहिलेला नाही, अठ्ठ्याण्णवातला बघ.

तू म्हणशील, अठ्ठ्याण्णव तर चांगले आहेत, मग रडगाणं कशाला. आत्या, त्या यायच्या आधी प्रार्थनेत मी देवाला शब्द दिला होता. काटा शंभर किंवा वर गेला तर विचारीन, शंभराच्या खाली राहिला तर आयुष्यभर गप्प बसेन. तूच शंभर लिहिलं होतंस. मला वाटलं होतं, एकतर साठ येईल नाहीतर एकशे दहा. माणूस देवाला विचारतो तेव्हा अठ्ठ्याण्णव उत्तर येईल अशी कल्पना करत नाही.

त्या जाताना म्हणाल्या, "इंजिनाची नाडी बघायला पुन्हा बोलवा." आवारात नंतर एकटाच उभा राहून मी मूठ पूर्ण पिळून बघितली. तीनचार वेळा. तो 'टक' आवाज फार छान आहे.

पण शब्द तो शब्द. काय करू?

तुझा भाचा

२० फेब्रुवारी

चिरंजीव,

चिठ्ठी मिळाली. आठ खरंच सुरेख आहे. ज्या बाईने तुला हवा तो आकडा दिला नाही, ती बाई मला पसंत आहे. तुझे काका मला खूश करायला कधीकधी पाच पौंड वाढवून सांगायचे आणि मग गिऱ्हाइकाशी भांडण मी करायची.

आधी इंजिनाचा निकाल ऐक. तेल घातल्यावर चौदा पौंड वाढले, म्हणजे रिंगा घासल्यात. निळा धूर त्याचाच. व्हॉल्व्ह ठीक. पन्नास वर्षांच्या इंजिनाला अठ्ठ्याण्णव म्हणजे ठणठणीत. तुझे गुडघे मोजले तर एवढे भरायचे नाहीत. आणि त्या दिवशी पोतं घेऊन गाडी थांबली ती इंजिनामुळे नव्हे. घाटातसुद्धा तू मूठ अर्धीच पिळली असणार. पंधरा वर्षांत 'टक' ऐकला नाही म्हणतोस ना, तेव्हाच कळलं. अर्ध्या मुठीने चढ चढत नाहीत रे. खालच्या गिअरला पूर्ण पिळ आणि मध्यावर दहा मिनिटं गाडीला दम खाऊ दे.

आता देव. मी 'शंभरच्या आसपास' लिहिलं होतं. ते 'आसपास' तू कुठे सांडलंस? माणसाला जगता यावं म्हणून 'आसपास' असतं. आणि तू त्याच्याशी करार केलास, तेव्हा त्याला विचारलंस का, मान्य आहे का म्हणून? एकतर्फी कागदावर तूच सही केलीस आणि वर म्हणतोस शब्द.

तरीही तुझं समाधान व्हायचं नाही हे मला माहीत आहे, म्हणून एक गोष्ट सांगते जी मी विसरले होते. ते मीटर पाच पौंड कमी दाखवतं. एकदा काकांच्या हातून फरशीवर पडलं, तेव्हापासून. आम्ही नेहमी पाच मिळवूनच वाचायचो. अठ्ठ्याण्णव आणि पाच, एकशे तीन. देवाला कळव.

आणखी एक. तुझ्या काकांनी मला पहिल्यांदा याच गाडीवर फिरायला नेलं, तेव्हा ती नवीकोरी होती, एकशे वीसवाली. तरी अर्ध्या वाटेत बंद पडली. पेट्रोल घालायलाच विसरले होते. आम्ही दोघं तीन मैल ढकलत आलो. गाडी चालली असती तर वाऱ्यात एक शब्द ऐकू आला नसता. ढकलताना सगळं बोलणं झालं. तेव्हा गाडी चढली तर उत्तम, नाही चढली तर त्याहून उत्तम.

अठ्ठावीस जवळ आली. आता मला पत्र नको, बातमी हवी.

आत्या

२४ फेब्रुवारी

आत्या, तुला दोघांचा नमस्कार.

आता पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल. पण वाच.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. एकशे तीन वाचून मी पंपघरात इतक्या मोठ्याने हसलो की माझा जोडीदार धावत आला, त्याला वाटलं पाइप फुटला. दुपारभर मी तरंगत होतो. दोनचा आकडा तीनच्या रकान्यात लिहिला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

मग संध्याकाळी, सवयीने, मी एक काम केलं. आमच्याकडे मीटर तपासायचा एक नळ आहे, त्यावर सरकारी शिक्क्याचा काटा बसवलेला आहे. मी काकांचं मीटर त्या नळाला लावलं आणि दाब हळूहळू वाढवला. सरकारी काटा पन्नासवर, काकांचा पन्नासवर. ऐंशीवर ऐंशी. अठ्ठ्याण्णववर अठ्ठ्याण्णव. एका पौंडाचाही फरक नाही, आत्या. ते मीटर कधी फरशीवर पडलेलं नाही, आणि पडलं असेल तर त्याचं त्याला काही वाटलेलं नाही.

मला आधी राग आला. आपल्या आत्याने आपल्याला फसवावं! मग मी नळ बंद केला आणि स्टुलावर बसलो. पंप चालू होते, जमीन नेहमीसारखी बारीक थरथरत होती. मनात आलं, बहात्तर वर्षांची म्हातारी माझ्यासाठी खोटं बोलते, आणि मी दोन पौंडांसाठी देवाच्या मागे दडून बसतो. दोघांत श्रद्धा कुणाची मोठी? इतकी वर्षं मी काट्याला विचारून पाणी सोडतो. पण तहान कुणाला लागली आहे, हे काट्याने मला कधी सांगितलेलं नाही. ते त्याचं कामच नाही. आणि ते देवाचं काम आहे असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

शनिवारी सकाळच्या प्रार्थनेत मी काही मागितलं नाही, काही कबूलही केलं नाही. नुसतं सांगितलं, की अठ्ठ्याण्णवच आहेत आणि मी चाललो आहे. फार हलकं वाटलं. इतकं, की दुकानात जाऊन मी बाईंना एका दमात म्हणालो, "उद्या सकाळी सहाला दीपगृह बघायला याल का, माझ्या गाडीवर?" आणि त्यांनी विचारलं, "सहा म्हणजे सहा ना?"

रविवारी सहाला त्या दारात होत्या. हेल्मेट घातल्यावर म्हणाल्या, "याच्यात माझ्या श्वासाचीच टिकटिक ऐकू येते." मी किक मारली, एकाच किकेला सुरू झाली, देवाशपथ. कोपऱ्यावर दूधवाला भेटलाच. त्याचे डोळे विस्फारले, सायकल कुंपणात गेली आणि तिथून तो ओरडला, "आज पोतं नाही का?"

मागून लगेच प्रश्न आला, "कसलं पोतं?"

"काही नाही हो," मी म्हणालो आणि घाटाची चढण लागली म्हणून मूठ पूर्ण पिळली. टक.

आत्या, गाडी ओरडली! ती अशी ओरडू शकते हे मला माहीतच नव्हतं. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. वाळू ओतली होती ती जागा मागे गेली. मागे बाई हसत होत्या की ओरडत होत्या ते कळेना. मीही काहीतरी ओरडलो, बहुधा "नव्वद!" असं. चौथं वळण, पाचवं. सहाव्यावर सपाट जागा आणि दगडी कठडा आहे. तू सांगितलं होतंस तसं मी थांबलो, गाडीला दम खायला. ती इंजिनाची ऊब सोडत टिकटिकत उभी होती. बाईंनी हेल्मेट काढलं, केस विस्कटलेले, आणि कठड्यावर बसून पहिलं वाक्य:

"हां. आता सांगा, कसलं पोतं?"

विचारायचं ते दीपगृहाच्या गच्चीवर, असं दोन वर्षं ठरलेलं होतं. तिथे समुद्र दिसतो, वारा असतो, मी वाक्यही तयार केलेलं होतं. इथे समोर खडीचा ढीग होता. पण सुरुवात झाली ती थांबेना. पोतं सांगितलं, बावन्न किलो सांगितले, औषधाच्या दुकानासमोरचं तिकीट सांगितलं. अठ्ठावन्न पौंड, तू दिलेल्या शिव्या, प्रार्थनेतला करार, तुझे पाच पौंड आणि सरकारी काटा, सगळं सांगितलं. त्या ऐकताना एकदा पदराने डोळे पुसत होत्या. मी घाबरलो. मग कळलं, हसू आवरत नव्हतं.

"म्हणजे त्या दिवशी मी शंभर म्हटलं असतं तर..."

"तर मी तेव्हाच विचारलं असतं."

"आणि मी अठ्ठ्याण्णव म्हणून भांडत बसले." त्या पुन्हा हसायला लागल्या. "अहो, दिवसाला दोन मिनिटं मागे पडणारं जुनं घड्याळ मी 'उत्तम आहे' म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात देते. त्याहून नीट चालणारं जुनं घड्याळ जगात नाही."

"पण मी देवाला..."

"बरं, एक विचारू? गेल्या वर्षभरात तुम्ही तुमचं मनगटी घड्याळ सात वेळा दुरुस्तीला आणलंत."

मी बाही खाली ओढून घड्याळ झाकलं.

"सात वेळा मी ते उघडलं. एकदाही आत काही निघालं नाही. मी कधी काही म्हटलं का?"

"मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं नाही."

"घड्याळवालीच्या?"

खाली रस्त्यावर दूधवाल्याची घंटी वाजत होती. इंजिन थंड होत आलं होतं, टिकटिक मंदावली होती. माझ्या हातात हेल्मेट होतं, ते मी कठड्यावर ठेवलं. दोन वर्षं घोकलेलं वाक्य आठवेना, तेव्हा साधंच सुचलं तसं, मोठ्याने, एकदाचं विचारलं.